शेख बाईंची अम्मी

शेख बाई आमच्या शाळेत रुजू झाल्या त्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून एका रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. मी म्हणाले, "बसा की." तर म्हणतात, "कुणाची आहे?" शाळेची आहे, म्हटलं. "म्हणजे मागून कुणी येऊन उठवणार नाही ना?" मी गणित शिकवते आणि भित्र्या माणसांचा मला राग येतो. फळ्यासमोर आलेल्या पोरीचा हात थरथरला की माझं डोकं फिरतं. मनात म्हटलं, झालं, आठवीच्या वर्गात ही बाई एक तास टिकली तरी खूप.

टिकल्या. चांगली काही वर्षं टिकल्या, पण घाबरणं सोडलं नाही. धुळ्यात पांझरा नदीजवळ एका जुन्या गल्लीच्या तोंडाशी आमची शाळा. बाई चित्रकला शिकवायच्या. गल्लीतून येताना भिंतीला इतक्या चिकटून चालायच्या की खांद्यावर चुना लागलेला असायचा. पाल, कुत्रा, घंटेचा पहिला ठोका, मोठ्याने शिंकणारा माणूस, सगळ्यांना त्या सारख्याच मनापासून भ्यायच्या. घरी कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघर सोडून जिन्यात येऊन उभ्या राहायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. "काही होणार नाही ना?" हे त्यांचं वाक्य. ते दिवसभरात इतक्यांदा कानावर पडायचं की आम्ही बाकीच्या बायका एकमेकींना चिडवायला तेच वापरू लागलो. चहात साखर जास्त पडली, काही होणार नाही ना? त्यांनाही हसू यायचं. हसताना तोंडावर पदर धरायच्या आणि दाराकडे बघायच्या, हसलेलं कुणी ऐकलं तर नाही म्हणून.

आणि ही बाई पुतळे करायची. माती-दगडाचे नव्हेत, घरातल्या भांड्याकुंड्यांचे. मुख्याध्यापक त्याला कौतुकाने 'आधुनिक शिल्प' म्हणायचे, बाई नुसतं 'वस्तू' म्हणायच्या. एरंडोलला त्यांचे वडील पत्र्याच्या कोठ्या आणि पेट्या करायचे, त्यामुळे पत्रा कापायची कातर त्यांच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. शाळेच्या मागच्या खोलीत त्यांचा पसारा असायचा. चेपलेली पातेली, दांडा गेलेले झारे, बोथट किसण्या, जळून गेलेला मिक्सर. काही भंगारवाल्याकडून आणायच्या, काही आमच्याकडे मागायच्या. मागताना प्रश्न ठरलेला, "याच्यात शेवटचं काय शिजलं होतं?"

सासूबाईंचा तडा गेलेला तवा मी त्यांना दिला तेव्हाही हेच. भाकरी, म्हटलं. कुणी भाजली? सासूबाईंनी. "त्यांच्या हातची शेवटची का?" आता हे कुणी लक्षात ठेवतं का? मला वैताग आला. पण बाईंनी तो तवा दोन्ही हातांनी घेतला, पदराने पुसला, आणि मी घरी जाऊन उगाच सासूबाईंच्या फोटोसमोर जरा वेळ उभी राहिले.

जोडताना त्या वितळलेल्या धातूचा डाख कधी द्यायच्या नाहीत. नट-बोल्ट आणि तार, एवढंच. मला वाटलं, यात काही कला असेल. विचारलं तर म्हणाल्या, "उद्या कुणी आपलं भांडं परत मागायला आलं तर? सोडवून देता आलं पाहिजे ना." कोण कपाळकरंटा फुटका झारा परत मागायला येणार होता, देव जाणे.

शाळेच्या फाटकाशी एक तांबडा कुत्रा बसायचा. त्याच्या भीतीने बाई मागच्या बोळातून यायच्या. रोज बघून बघून सवय होईल म्हणून त्यांनी एक कुत्रा केला. अडकित्त्याचा जबडा, चिमट्यांचे पाय, बाटली धुवायच्या ब्रशाची शेपटी. केला आणि लगेच त्याच्यावर चादर टाकली. आमचे शिपाई नाना म्हणजे उचापती माणूस. त्यांनी एका सकाळी तो उचलून फाटकापाशी ठेवला. खरा कुत्रा दोनदा भुंकला आणि गल्ली सोडून गेला. मी आले तर शेख बाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या. म्हणाल्या, "पाटील बाई, त्याला आत घ्यायला सांगा ना." अहो, तुम्हीच केलाय ना तो? "म्हणून तर. त्याला माझ्याबद्दल सगळं माहिती आहे."

दुसऱ्यांदा त्यांनी जुन्या कुकरचा एक जाडजूड साहेब केला. नाकाच्या जागी शिट्टी. पोरांनी एका नजरेत ओळखलं की हे मुख्याध्यापक. नेमकी त्याच आठवड्यात तपासणी. बाईंची बोबडी वळली. तो साहेब त्यांनी मुलींच्या मुतारीमागे नेऊन पोत्याखाली लपवला, आणि तपासणीच्या अधिकाऱ्यांना घेऊन मुख्याध्यापक नेमके तिकडेच नळ दाखवायला गेले. पोतं सरकलं. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या नाकाला हात लावून बघितला आणि एवढंच विचारलं, "वाफ धरतो का?" आम्ही पोट धरून हसलो. बाई मात्र दोन दिवस रजेवर.

मग त्यांच्या अम्मी वारल्या. एरंडोलहून परत येताना भावाने त्यांना टेम्पोने सोडलं, कारण सोबत अम्मीचं सामान होतं. घरात कुणाला ते नको होतं, सगळ्यांना स्टीलचं हवं. शाळा सुटल्यावर बाई त्या खोलीत बसायच्या. आम्ही चिडवणं बंद केलं होतं. कित्येक महिने त्या काय करतायत ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

एक दिवस मला हाताला धरून घेऊन गेल्या. वडिलांनी अम्मीच्या लग्नात केलेली पत्र्याची कोठी, तिचं अंग. दोन पालथी पातेली, ते मांडी घालून बसलेले गुडघे. गुडघ्यांवर परात. हात म्हणजे दोन पितळी डाव, परातीत सैल टेकलेले. डोकं म्हणजे पाणी घ्यायची करवंटीची पळी, नाकात अम्मीची चमकी, डोक्यावरून पांढरी ओढणी. मान किंचित कललेली. तांदूळ निवडता निवडता ही अम्मी आपलं बोलणं ऐकतेय असं वाटायचं. मी त्यांच्या अम्मींना कधी भेटले नव्हते, पण त्या वस्तूसमोर माझा आवाज आपोआप खाली आला.

"डोळे राहिलेत," मी म्हणाले.

"भाऊ म्हणाला, आपल्यात मूर्ती चालत नाही; बनव, पण डोळे काढू नकोस. आणि मलाही भीती वाटते, पाटील बाई. डोळे काढले आणि अम्मीने बघितलं तर?"

हे मी लांबण लावून सांगतेय, कारण पुढे जे झालं त्यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता हे कळलं पाहिजे. जळगावला कलाशिक्षकांचं प्रदर्शन होतं. मंगळवारी गाडी येणार होती, म्हणून शनिवारी बाईंनी अम्मीला मागच्या खोलीतून शाळेच्या हॉलमध्ये आणून बसवलं. श्रावणातली फरशी ओली, म्हणून खाली सरस्वतीपूजनाचा चौरंग दिला. आणि त्याच रविवारी गल्लीची कानबाई होती.

आमच्या खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी नदीवर जाते. घराण्याचा नारळ असतो, त्यालाच कानबाई मानायचं, साडी-दागिने घालून चौरंगावर सजवायचं. नारळ नदीत बुडवून परत आणतात, बाकी सजावट पाण्यात सोडतात. आमच्या गल्लीत ती सुमन अक्कांच्या घरी बसायची. त्या वर्षी अक्कांच्या घराचं बांधकाम चाललेलं, म्हणून मुख्याध्यापकांनी शाळेचा हॉल दिला आणि स्वतः साक्रीला सासुरवाडीच्या कार्यक्रमाला गेले. सजावटीचं काय, असं अक्कांनी विचारलं तेव्हा नाना बोलून बसले, "आमच्या चित्रकलेच्या बाई आहेत ना, त्या करतील." आणि बाईंना सांगायचं विसरले.

रविवारी सकाळी बायका हॉलमध्ये आल्या तर चौरंगावर मांडी घालून कुणीतरी बसलेलं. मांडीत परात, जणू नारळ ठेवायलाच.

मी दुपारी दर्शनाला गेले. दारातच थांबले. अम्मीला हिरवी साडी नेसवलेली, कपाळभर कुंकू, गळ्यात मोत्यांच्या माळा, समोर रोट आणि गंगाफळाची भाजी. परातीत अक्कांच्या घराण्याचा नारळ. आणि त्या करवंटीला कुणीतरी काजळाने मोठे डोळे काढले होते. बायका ओटी भरत होत्या, गाणी चालली होती. सुमन अक्का मला बघून म्हणाल्या, "देख वं, मास्तरीन बाईनी कितली झकास करेल शे." मी हात जोडले. काय करणार? जोडले.

बाहेर येऊन बाईंना फोन केला. त्या कशा आल्या कुणास ठाऊक, रिक्षातून उतरल्या तेव्हा पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. हॉलच्या दाराशी आल्या आणि आत बघितलं. त्यांनी माझं मनगट धरलं. मला अजून ती पकड आठवते.

"पाटील बाई, ती बघतेय."

मी म्हणाले, चला, आत्ताच्या आत्ता अक्कांना सांगू, चूक झाली म्हणून. तर त्यांनी मला मागे ओढलं. कुजबुजत बोलत होत्या, पण शब्द एकावर एक पडत होते. "नको. म्हणतील मी मुद्दाम केलं. म्हणतील, मुसलमान बाईने आपली आई आणून बसवली आणि आमच्याकडून पूजा करून घेतली. आणि तिकडे एरंडोलला कळलं तर? भाऊ म्हणेल, अम्मीला देवी करून टाकलंस. मी कुठे जाऊ?"

एरवी वाघाच्या तोंडात हात घालायला निघणारी मी, पण त्या क्षणी मीही दाराबाहेरच थांबले. हॉलमध्ये निदान वीस फोन वर धरलेले होते. आजकाल एक वाक्य कुठून निघतं आणि कुठे पोचतं, सांगता येत नाही. सुमन अक्कांना मी तीस वर्षं ओळखते, त्या भल्या आहेत. पण त्या गर्दीतल्या प्रत्येकाला कुठे ओळखत होते मी? माणसं वाईट नसली तरी भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी बाईंना इतकी वर्षं काय म्हणून हसत होते, तेही.

संध्याकाळपर्यंत बाई हॉलच्या कोपऱ्यात बसून होत्या. बायकांनी आग्रह करून त्यांना कुंकू लावलं, "तुम्हीच केली ना कानबाई" म्हणून कौतुक केलं, साडीचोळी द्यायचं ठरवलं. बाई प्रत्येकीला मान हलवत होत्या. नजर मात्र अम्मीच्या गुडघ्यांवर. मी कानाशी जाऊन म्हणाले, "उद्या सकाळी नारळ नेतील आणि ही राहील इथेच. काही होणार नाही." पहिल्यांदाच ते वाक्य मी चिडवायला वापरलं नव्हतं. तेवढ्यात मागून नाना कुणाला तरी सांगताना ऐकू आले की सजावट जड आहे, नदीपर्यंत न्यायला हातगाडी लागेल.

सोमवारी सकाळी हातगाडी फुलांनी सजवून फाटकाशी उभी होती. वाजंत्री लागली होती. पांझरेला पाणी बरंच होतं, त्यात जे जाईल ते परत मिळणार नव्हतं. चार बायका अम्मीला उचलायला वाकल्या, दोघींनी कोठी धरली, एकीने डोक्याला हात घातला. मी शेख बाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ हलत होते, आवाज नाही. मला वाटलं, ही आता पडणार. मी धरायला पुढे सरकले, तर त्या माझ्या पुढून निघून गेल्या.

अक्कांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. शाळेत त्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायच्या, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्या दिवशी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा अहिराणी ऐकली, एरंडोलच्या गल्लीतली.

"अक्का, हाई मनी माय शे. तिले नदीवर लई जाऊ नका."

'माझी आई' हे भक्तीने बोलतेय, असं अक्कांना वाटलं. "सगळासनीच माय शे ती, बाई."

"नही अक्का. मनी माय. मनी अम्मी. तिनी कोठी, तिनी परात. ती मरी गई."

वाजंत्रीवाल्यांनी कुणी न सांगता वाजवणं थांबवलं. डोक्याला हात लावलेल्या बाईने हात असा काढून घेतला जणू चटका बसला. मागे कुठेतरी एकाने फोन वर धरलेला दिसला. मी मनातल्या मनात देवाला म्हणाले, हिला घेऊन पळता येईल एवढं बळ दे.

अक्का बाईंकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मंग काल का नही सांगं?"

"भेव वाटना," त्या म्हणाल्या. भीती वाटली.

अक्कांनी त्या काजळाच्या डोळ्यांकडे बघितलं. "आते आमले बी वाटी राहिना," त्या म्हणाल्या. खरंच होतं ते, आता त्यांनाही भीती वाटत होती. रात्रभर ओट्या भरल्या होत्या, नवस बोलले होते, आता ते कुणाला पोचले? एक म्हातारी रडायला लागली. दोघी तिला गप्प करू लागल्या.

शेख बाई पुढे झाल्या. परातीतला नारळ दोन्ही हातांनी उचलला. तो अक्कांच्या ओटीत दिला. "हाई तुमनी कानबाई. बठ्ठं हिलेच पोचनं." सगळं त्या नारळालाच पोचलं, म्हणाल्या.

अक्कांनी नारळ छातीशी धरला. मग मागे वळून म्हणाल्या, "फोन खिसामा ठेव रे, भाऊ. देवीना काम शे, तमाशा नही." एवढंच. आणि त्या नारळ घेऊन चालायला लागल्या. त्यांच्या मागोमाग एकेक करून सगळे निघाले. वाजंत्री नदीच्या वळणावर गेल्यावर पुन्हा सुरू झाली.

मला वाटलं, सुटलो. मी बाईंना म्हणाले, चला, हिला खोलीत ठेवू, उद्या जळगावची गाडी येते. त्यांनी पिशवीतून पाना काढला आणि कोठीमागचा पहिला बोल्ट फिरवायला घेतला.

"अहो, काय करताय? झालं ना सगळं."

"ती बसलेली राहिली तर उद्या कुणीतरी पाया पडायला येईल," त्या म्हणाल्या. "आणि परवा कुणीतरी विचारायला येईल, का पडलात. तिच्यावरून कुणी भांडलं तर मला सोसणार नाही."

मी खूप समजावलं. रागावले सुद्धा. महिनोन् महिने घालवलेत, जळगावला हे बघून लोक वेडे होतील, कशाला घाबरता एवढं? त्या खाली मान घालून बोल्ट सोडवत राहिल्या. हिरव्या साडीची घडी घालून ती चौरंगावर ठेवली. मग हात सुटले, मग परात, मग गुडघे. प्रत्येक भांडं त्या पदराने पुसत होत्या, कुंकू निघत होतं. शेवटी पळी हातात घेतली. कपाळ पुसलं. काजळापाशी येऊन पदर थांबला. ते डोळे त्यांनी पुसले नाहीत, पांढऱ्या ओढणीत गुंडाळून ठेवले. तेव्हा मी रडले आणि त्या नाही रडल्या, हे असं का, ते मला अजून कळलेलं नाही.

बायका नदीवरून परत आल्या तेव्हा हॉलमध्ये फक्त भांडी होती. सुमन अक्का दारातच थांबल्या. "अशी का सोडी टाकी तिले?" असं काहीसं पुटपुटल्या आणि खाली बसून एकेक भांडं पोत्यात भरायला बाईंना मदत करू लागल्या.

पुढे काही झालं नाही. कुणी बाईंना वाकडं बोललं नाही, शाळेत कुणी विषय काढला नाही, फोनमधलं कुठे गेलं नाही. अक्का रस्त्यात भेटल्या की त्यांना थांबवून बोलायच्या. आणि तरी बाईंनी बदली मागितली. एरंडोलच्या एका शाळेत जागा होती, दिवाळीच्या सुट्टीत ती मिळाली. मला याचाच संताप येतो. कुणी काही केलं असतं तर मी भांडले असते, त्याचं तोंड फोडलं असतं. कुणीच काही केलं नाही, आणि ही बाई गेली. तिची ती मागची खोली आता कराटेच्या गाद्या ठेवायला वापरतात.

धुळ्याच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले होते. एरंडोलवरून जाणारी जळगावची गाडी लागली होती. सामान भावाने आधीच नेलं होतं, बाईंकडे फक्त ते पोतं. ते त्यांनी खिडकीजवळच्या सीटवर उभं टेकवून ठेवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. गाडी भरत होती. कंडक्टर आला, सुजलेल्या डोळ्यांचा, वैतागलेला माणूस. "बाई, पोतं खाली टाका. माणसं उभी आहेत."

मी खाली खिडकीशी उभी. मला वाटलं, आता या उठतील, माफी मागतील, पोतं पायाशी घेतील. उठायला सुरुवात केलीच होती त्यांनी. मग परत बसल्या. पोत्याभोवती हात टाकला. तो हात थरथरत होता हे मला खालून दिसत होतं.

"तिकीट देते मी तिचं," त्या म्हणाल्या.

"कुणाचं?"

मागची माणसं ढकलत होती. कुणीतरी ओरडलं, काय चाललंय पुढे. कंडक्टरने पोत्याकडे बघितलं, ओढणीचं टोक बाहेर आलं होतं त्याकडे बघितलं, बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. काय समजला कुणास ठाऊक.

"दोन महिला, एरंडोल?" त्याने विचारलं.

"हो," शेख बाई म्हणाल्या. "दोन."